व्हॉल्व्ह बॉडी सगळ्यात शेवटी

ऑटोमॅटिक गाडी झटके द्यायला लागली की आमच्या शहापूर-मुरबाडकडे दोनच निदानं होतात. एक, "ऑईल बदलून बघू." दुसरं, "गिअरबॉक्स गेला." आणि एखादा हुशार मिस्त्री भेटलाच तर तो थेट व्हॉल्व्ह बॉडी खोलायला बसतो. मुरबाडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली, दोन-चार शतांश मिलिमीटरचा फरक बोटाला कळतो. तरी सांगतो, हे अंग सगळ्यात शेवटी उघडायचं.

आमच्याकडे ऑटोमॅटिक आली ती हौस म्हणून नाही. बायकोच्या डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झाला, आणि तिची शाळा किन्हवलीच्या बाजूला. मुरबाडहून सरळगावमार्गे रोजचं जाणं-येणं. क्लचचं पेडल नसलेली गाडी हवी होती म्हणून चार गिअरची जुनी हॅचबॅक सेकंडहँड घेतली.

इथे पहिली गोष्ट. आपली ऑटोमॅटिक नक्की कुठल्या जातीची, ते आधी विचारून घ्या. 2014 साली सेलेरियोबरोबर एएमटी आली आणि 'ऑटोमॅटिक' गावोगावी पोचली. पण ती आतून साधीच मॅन्युअल पेटी असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं एक यंत्र करतं. तिच्यात मी सांगतोय ती व्हॉल्व्ह बॉडी नसते. सीव्हीटीत असते, पण तिचं ऑईल वेगळं आणि दुखणीही वेगळी. जुन्या झेन, सँट्रो, आय-टेन यांच्या ऑटोमॅटिक गाड्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या. हे बोलणं त्यांच्यापुरतं आहे.

शेतात पाटाला दारं धरतात, तेच काम व्हॉल्व्ह बॉडी करते. पंप दाबाने ऑईल पाठवतो. कुठला क्लच आवळायचा, कुठला सोडायचा, ते ऑईल कुठल्या वाटेने गेलं यावर ठरतं. ॲल्युमिनियमच्या ओतीव ठोकळ्यात वळणावळणाच्या नाल्या, त्यांच्यावर भोकं पाडलेली पातळ स्टीलची प्लेट, छोट्या गोळ्या, आणि बोअरमध्ये स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे सरकणारे व्हॉल्व्ह. कॉम्प्युटर सॉलेनॉइडला हुकूम देतो, सॉलेनॉइड ऑईलला वाट देतं. यातला मुख्य दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह कधीच स्वस्थ बसत नाही. गाडी चालू असेपर्यंत तो बारीक थरथरत असतो. व्हॉल्व्ह कडक, ठोकळा मऊ. वर्षानुवर्षं घासून बोअर तिथेच झिजतो. मग दाब गळतो, क्लच पुरता आवळला जात नाही, घसरतो आणि जळतो.

आमच्या गाडीचं लक्षण नमुनेदार होतं. सकाळी थंड असताना लोण्यासारखी चालायची. आसनगावच्या वाहतुकीत अर्धा तास अडकून पुढे निघालो की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं आणि मग मागून कुणी लाथ घालावी तसा धक्का. एप्रिलात तर ती तिसऱ्यातच अडकून बसायला लागली. तिसऱ्यात अडकणं हा मुळात बिघाड नसतो. काहीतरी चुकतंय असं कॉम्प्युटरला वाटलं की अशा कितीतरी गाड्या स्वतःला तिसऱ्यात बांधून घेतात, घरी पोचता यावं म्हणून. कल्याणच्या एका नावाजलेल्या वर्कशॉपने मात्र तेवढ्यावर नवी पेटी सुचवली. आकडा ऐकून वाटलं, एवढ्यात जुनी गाडी दुसरी येईल. दाब मोजला का, असं विचारलं तर उत्तर आलं, "त्याची गरज नसते."

गरज असते. क्रमाने सांगतो.

आधी बॅटरी आणि अर्थिंग. जुन्या गाडीत अर्थची तार गंजलेली असली की सॉलेनॉइडला पुरेसा करंट मिळत नाही आणि स्कॅनरवर गिअरबॉक्सचे खोटे कोड येतात. मग स्कॅनर, पण ट्रान्समिशन वाचणारा. नुसतं इंजिन वाचणारं स्वस्त यंत्र इथे उपयोगाचं नाही. मग ऑईल. डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवा. लालसर किंवा तपकिरी डाग पसरला तर आशा आहे. काळा डाग, करपलेला वास आणि बोटात कचकच लागली तर क्लचचं अस्तर गेलंय. अशा वेळी नुसती व्हॉल्व्ह बॉडी करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. आणि ऑईल भरायचं ते पेटीवर किंवा पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच. आमच्या गाडीला एसपी-थ्री लागतं. "सगळं एटीएफ सारखंच" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

एवढं झालं की दाब. पेटीवर त्यासाठी बोल्ट असतो, तिथे निदान 30 बारपर्यंतचा गेज लावायचा. शहापूरच्या ज्या तरुण मिस्त्रीने हे काम माझ्याबरोबर केलं तो हायड्रॉलिक ट्रॉलीवाल्याकडून गेज मागून घेऊन आला. थंड असताना दाब बरोबर. गाडी खर्डीपर्यंत नेऊन आणली, परत लावला, काटा खाली. गरम झाल्यावर ऑईल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून निसटतं. हे पंप झिजल्यानेही होतं, म्हणून तेवढ्यावरून शंभर टक्के खात्री देता येत नाही. पण पॅन खोलल्यावर चुंबकावर नुसती राखाडी पेस्ट होती, चकाकणारे तुकडे किंवा अस्तराचे धागे नव्हते. मग व्हॉल्व्ह बॉडी उतरवायचं ठरलं.

पावसाळ्यात हे काम करू नका, आणि वीटभट्टीच्या दिवसांत गॅरेजच्या दारात तर नाहीच. आम्ही घराच्या आतल्या खोलीत, पंखा बंद करून, जुन्या फ्लेक्स बॅनरची पांढरी बाजू वर करून बसलो. गॅरेजमधला जुना बनियन किंवा कॉटन वेस्ट आत आणायचा नाही. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. धुवायला ब्रेक क्लीनर आणि रंगाचा नवा ब्रश. वाळवायला हवा मारता, त्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या. आमच्या टाकीतून पेलाभर गंजकं पाणी निघालं.

दोन ठोकळे वेगळे करताना प्लेट खालच्या अर्ध्यावर दाबून धरून, सगळं उलटं न करता सावकाश उचलायचं. नाहीतर गोळ्या घरंगळतात आणि कुठली कुठल्या खड्ड्यातली ते देवही सांगू शकत नाही. उचलण्याआधी फोटो, उचलल्यावर फोटो. बोल्टची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवायचा. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा बाहेर निघतील त्याच क्रमाने ओळीत. दोन स्प्रिंगा जुळ्या दिसतात, पण तारेची जाडी वेगळी असते.

आता परीक्षा. स्वच्छ व्हॉल्व्हला त्याच ऑईलचा हात लावून बोअरमध्ये सोडायचा आणि ठोकळा तिरपा करायचा. व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडला तर कचरा किंवा ओरखडा. बाकीचे सगळे छान सरकले. मुख्य दाबाचा व्हॉल्व्ह मात्र सरकताना आडवा हलत होता, आणि टॉर्चच्या उजेडात बोअरच्या एका बाजूला चकचकीत पट्टा दिसला. बाकीचा बोअर मळकट करडा, तेवढी जागा आरशासारखी. नुसतं पॅकिंग आणि ओरिंगचं किट टाकून व्हॉल्व्ह बॉडी 'रिबिल्ड' केली म्हणणारे असतात. अशा बोअरला ते किट काहीही करत नाही.

माझे हात शिवशिवत होते. रीमर मारून मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवणं हा खरा उपाय आहे, आणि अमेरिकेत सॉनॅक्ससारख्या कंपन्या त्यासाठी तयार हत्यारं आणि व्हॉल्व्ह विकतात. पण एकाच बोअरमध्ये दोन-तीन मापं एका रेषेत असतात, म्हणून रीमरला त्याच बोअरचा मार्गदर्शक लागतो. साध्या रीमरने ती रेषा हलली की ठोकळा भंगारात. पॉलिश पेपर तर हातातच घेऊ नका. व्हॉल्व्हच्या कडा धारदार असतात त्या मुद्दाम. कड गोल झाली की कचरा तिच्याखाली जाऊन बसतो.

शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी व्हॉल्व्ह बॉडी आणली. जाताना टॉर्च आणि ऑईलची छोटी बाटली खिशात होती हे बरं झालं, कारण पहिली बघितली ती आमच्याहून जास्त झिजलेली होती. नंबर, सॉलेनॉइडचं कनेक्टर आणि गाडीचं साल, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवताना बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क पान्याने. बहुतेक गाड्यांत हा टॉर्क 10 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाला जेमतेम जाणवेल एवढा; नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. ट्रकचे नट आवळणाऱ्या हाताने आवळला की ठोकळा पिळवटतो आणि मघाशी सरकणारा व्हॉल्व्ह जागीच अडकतो. नंतर स्कॅनरने कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसायची. झिजलेल्या पेटीशी जुळवून घेतलेली सवय तो नव्यावरही वापरतो, आणि चांगलं काम झालेलं असूनही गाडी धक्के देते.

पण मुळात बोअर झिजला कशामुळे? या प्रश्नाकडे मिस्त्रीने लक्ष वेधलं, श्रेय त्याचंच. गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारी नळी आमच्या गाडीत रेडिएटरच्या टाकीतून जाते. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओतलेलं असणार. आतून चुन्याचा थर निघाला. उन्हाळ्यात, घाटात, कसारा असो की माळशेज, ऑईल तापतच राहिलं. रेडिएटर न बदलता नवी व्हॉल्व्ह बॉडी टाकली असती तर तिचीही तीच गत झाली असती. रेडिएटर आतून फुटला तर पाणी आणि ऑईल एकमेकांत मिसळतात, ते आणखी वाईट.

आणि दोर बांधून गाडी ओढणं. टोकावड्याकडे एकाची ऑटोमॅटिक बंद पडली, ट्रॅक्टरला बांधून मुरबाडपर्यंत ओढत आणली. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पेटीच्या आत ऑईल फिरत नाही, आणि पुढची चाकं मात्र आतलं सगळं फिरवत राहतात. जी पेटी थोडक्यात दुरुस्त झाली असती ती भंगारात गेली. अशी गाडी फ्लॅटबेडवरच आणा. पुरात उल्हास नदीचं पाणी रायत्याच्या पुलावर आलं असेल तर गाडी त्यात घालूच नका. घातलीत आणि पाणी पेटीच्या श्वासनळीपर्यंत पोचलं असेल तर परत सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा.

आमची गाडी आता गरम झाल्यावरही न धडपडता गिअर बदलते. शहापूर-मुरबाडच्या गॅरेजवाल्यांना एकच विनंती आहे: नळी आणि जोडांसह एक दाबाचा गेज आणि एक छोटा टॉर्क पाना विकत घ्या. दोन्ही मिळून चुकून बदललेल्या एका गिअरबॉक्सच्या किमतीपुढे काहीच नाहीत. आणि गाडीवाल्यांनी, गेज न लावता पेटी उतरवायला निघालेल्या माणसाला किल्ली देऊ नये.