निकालाचा दिवस

ऊन तापू लागले आहे. काजू वेचून झाले. फणसाचा वास सुटला. मुंबईचे चाकरमानी एस.टी.तून उतरू लागले. अशा दिवसांत आपल्या गावच्या शाळेत एक सण होतो. हा सण पंचांगात सापडणार नाही. पण ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्या घराला तो बरोबर ठाऊक असतो. तो सण म्हणजे निकालाचा दिवस.

आपल्याकडे बहुतेक प्राथमिक शाळांचा निकाल १ मे रोजी लागतो. ही तारीख मोठी आहे. १ मे १९६० रोजी आपले महाराष्ट्र राज्य झाले. पुढे दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जिल्हा परिषद आपण मते देऊन निवडतो. म्हणजे गावची शाळा ही परक्याची नव्हे. ती आपलीच आहे.

त्या दिवशी सकाळी झेंडावंदन होते. शाळेपुढे रांगोळी असते. मुले धुतलेले कपडे घालून रांगेत बसतात. गुरुजी एकेक नाव पुकारतात आणि प्रगतिपुस्तक हातात देतात. कोणाला वही मिळते, कोणाला पेन मिळते. खाऊ मात्र सर्वांना मिळतो. शेवटच्या वर्गाच्या मुलांना निरोप दिला जातो. ती मुले वर्गणी काढून शाळेला घड्याळ देतात, नाहीतर पुस्तके देतात. आदल्या दिवसापर्यंत मस्ती करणारी मुले त्या वेळी डोळे पुसताना मी पाहिली आहेत.

मंडळी, मी जन्मभर शिक्षक होतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. किती निकाल वाचले, त्याची मोजदाद नाही. पण एक निकाल मी विसरलो नाही.

आमची शाळा सातवीपर्यंत होती. सातवीत एक हुशार मुलगी होती. आठवीसाठी दुसऱ्या गावी जावे लागे. तिच्या वडिलांनी ठरवले होते, "आता पुरे. घरी बसूदे. गुरे राखील, भावाला सांभाळील." निकालाला तिची आई एकटीच आली. सहीची वेळ आली, तेव्हा मी सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. बाई म्हणाली, "गुरुजी, डबी नको. मी सही करतंय."

त्या हिवाळ्यात ती रात्रीच्या वर्गाला येत होती, हे मी विसरलो होतो. तिने प्रगतिपुस्तक उघडले. बोट ठेवून एकेक अक्षर लावले. मुलीचे नाव वाचले. गावाचे नाव वाचले. मग एका ओळीवर तिचे बोट थांबले.

"गुरुजी, हितं पुढली इयत्ता आठवी लिवलंय. मग ही घरात कशी बसंल?"

मला उत्तर सुचले नाही. सही करायला तिला बराच वेळ लागला. पण सही पुरी झाली. तेच पान तिने घरी नवऱ्यापुढे धरले. जूनमध्ये मुलगी आठवीत गेली.

वाचकहो, आता तुम्हांलाही वाचता येते. म्हणून यंदा निकालाला स्वतः जा. मुलाकडून नुसते "पास झालो" ऐकून समाधान मानू नका. प्रगतिपुस्तक हातात घ्या आणि वाचा.

त्यात मार्कांच्या जागी पुष्कळदा श्रेणी दिलेली असते. अ-१ म्हणजे शंभरांत ९१ ते १००. अ-२ म्हणजे ८१ ते ९०. ब-१ म्हणजे ७१ ते ८०. ब-२ म्हणजे ६१ ते ७०. क-१ म्हणजे ५१ ते ६०. क-२ म्हणजे ४१ ते ५०. ड म्हणजे ३३ ते ४०. ई श्रेणी त्याच्या खाली. ई दिसली तर मुलाला मारू नका. गुरुजींना विचारा, "कोणता विषय कच्चा आहे? सुट्टीत काय करून घेऊ?" हजेरीचे दिवसही पाहा. लावणीच्या दिवसांत मूल किती वेळा घरी राहिले, ते तिथे कळते. तो दोष मुलाचा नसतो.

मूल शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. तो नीट वाचल्याशिवाय घडी करून ठेवू नका. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख तपासा. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या दाखल्यावर जन्माचे साल चुकले होते. घरात कोणी वाचणारे नव्हते. नोकरीच्या वेळी चूक उघडी पडली. मग कचेरीत खेपा, अर्ज, पुरावे! मूल शाळेत असते तोवर अशी चूक दुरुस्त करणे सोपे असते. मागाहून फार कठीण जाते.

आणखी एक गोष्ट. वर्ष संपले म्हणजे शाळा संपली नाही. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात मूल मागे पडले तर पुन्हा परीक्षा घेतात. तीही जमली नाही, तर ते त्याच वर्गात बसते. पण आठवी पुरी होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. शाळा लांब असेल, तर खेड्यातील मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. ती योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाची आहे. शाळेत त्याची चौकशी करा.

आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगतो. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यात शेरवली येथे झाला. ते वाढले दापोलीजवळ मुरुडला. एका परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. वाट शंभर मैलांहून अधिक. वर घाट. तिथे पोहोचल्यावर त्यांना सांगितले, "तू लहान दिसतोस," आणि परीक्षेला बसू दिले नाही. पोर तसेच परत आले. पण शिकणे सोडले नाही. पुढे ते प्रोफेसर झाले. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. साताऱ्याहून परतलेला तो मुलगा त्या दिवशी घरीच बसला असता, तर किती मुलींची वाट बंद राहिली असती!

तेव्हा १ मेला सकाळी कामे जरा लवकर आटपा. बाप मुंबईत असेल तर आईने जावे. आजीने गेले तरी चालेल. मुलाचा निकाल वाचा. शाईच्या डबीला हात लावू नका, सही करा. आणि घरी परत येताना मुलाला सांगा, "पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडते हो. दप्तर नीट ठेव."

एवढे करा :
१. घरातील मुलाचे प्रगतिपुस्तक मोठ्याने वाचा.
२. मुलाचे पूर्ण नाव व जन्मतारीख वहीत लिहा.
३. पुढील इयत्ता कोणती, ती शाळा कोणत्या गावी, ते लिहा. खाली आपली सही करा.