वजन पुन्हा वाढले, दुसरे ऑपरेशन करायचे का?

२०१७ साली चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले. जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी ठेवतात, ते हे 'स्लीव्ह'. त्याची चर्चा तेव्हा मुंबईभर झाली.

स्लीव्हनंतर दोन-तीन वर्षांनी थोडे वजन परत येणे नेहमीचे आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. खूप वाढले की मात्र घरात दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघतो, आणि कर्जाचाही. आधी कारण शोधा. भाकरी-मटण अडकते म्हणून अनेकांचा दिवस चहा-बिस्किट, फरसाण, कोल्ड्रिंकवर निघतो. ते सहज उतरते आणि वजन चढते. ही सवय दुसऱ्या ऑपरेशननेही सुटत नाही. थायरॉइड तपासावे, इन्सुलिन, स्टेरॉइड, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढते. (गोळी स्वतःहून बंद करू नका.)

एंडोस्कोपीत जठर ताणलेले दिसले किंवा छातीत सतत जळजळ असेल, तर स्लीव्हचे बायपास करता येते. पण त्यात जोड गळण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त, आणि लोह, बी-१२, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. सही करण्याआधी जुनी फाईल घेऊन परळच्या केईएमच्या सर्जरी ओपीडीत दाखवा.