हिरवा ठिपका आहे, पण हलाल आहे का? दुकानदाराने विचारलं तर काय सांगाल

पॅकिंग आणि लेबलच्या व्हिडिओत या प्रश्नाला दोनच मिनिटं मिळाली, म्हणून इथे जरा सविस्तर बोलू.

समजा, तुम्ही घरून नानखटाई, टोस्ट, केक बनवता. सॅम्पल घेऊन मोमिनपुऱ्यातल्या एका दुकानात गेलात. चव आवडली, भाव जमला, आणि मग दुकानदार विचारतो, ‘भाई, हलाल है ना?’ आपल्यातले बरेच जण लगेच सांगून मोकळे होतात, ‘अरे भाऊ, प्युअर व्हेज आहे, हिरवा ठिपका बघा ना!’ ऑर्डरही मिळते. पण तुमच्या प्लम केकमधले मनुके रममध्ये भिजवलेले असतील तर? रमजानमध्ये कुणीतरी तोच केक इफ्तारला कापणार आहे. त्या घराने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलाय.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. हिरवा ठिपका आणि हलाल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ठिपका एवढंच सांगतो की पदार्थात प्राण्यापासून आलेलं काही नाही. दूध आणि मध त्याला चालतं. दारूबद्दल तो काहीच बोलत नाही. हलाल म्हणजे धर्माने परवानगी दिलेलं. तिथे डुक्कर चालत नाही, दारू चालत नाही, आणि बाकी मांस असेल तर जनावर कसं कापलं हेही बघतात. म्हणून रम घातलेला एगलेस केक हिरव्या ठिपक्याचा असूनही हलाल नाही. उलट अंडं घातलेल्या केकवर कायद्याने तपकिरी त्रिकोण येतो, पण कोंबडीचं अंडं हलाल आहे. दोन्ही बाजूंनी गणित चुकू शकतं, बघा.

आता खरी गंमत आहे बारीक अक्षरांत. केक फुलवायला तुम्ही केक जेल वापरता ना? डब्यावर बघा, बहुतेक वेळा ४७१ हा आकडा सापडेल. हा इमल्सिफायर पाम तेलापासूनही बनतो आणि जनावराच्या चरबीपासूनही, कोड मात्र एकच. चिप्स-नूडल्सच्या मसाल्यात चव वाढवणारा ६३१ असतो. तो मांस-माशापासून बनू शकतो, तसाच साखर किंवा स्टार्च आंबवूनही बनतो. याच ६३१ चं उदाहरण घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं की नुसता कोड छापून भागणार नाही, घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हे ग्राहकाला कळलं पाहिजे. ते प्रकरण शाकाहारासाठी लढणाऱ्यांनी नेलं होतं. म्हणजे जैन ग्राहक आणि मुस्लिम ग्राहक तुमच्याकडे एकच माहिती मागतायत!

लाल रंगाचा १२० हा कोड किड्यापासून येतो, तो बहुतेक उलेमांना मान्य नाही. चकाकी देणारा ९०४ म्हणजे आपली लाख, छत्तीसगड-झारखंडच्या झाडांवरची. तीही किड्याचीच, पण तो स्राव आहे, मधासारखा, असं म्हणून बरेच जण ती चालवून घेतात. मार्शमॅलो आणि मूसमधलं जिलेटिन हाडा-कातड्यापासून येतं, त्यामुळे कोणतं जनावर आणि कसं कापलेलं, हे दोन्ही प्रश्न उभे राहतात. जमत असेल तिथे चायना ग्रास वापरा, कटकटच नाही. बर्फीवाल्यांनी चांदीच्या वर्खाकडे लक्ष द्या. पूर्वी तो जनावराच्या आतड्याच्या पानांत कुटायचे; २०१६ पासून वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरायला एफएसएसएआयची मनाई आहे. बिल घेऊन, नाव असलेल्या कंपनीचाच घ्या.

इसेन्सचं काय? खऱ्या व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये अल्कोहोल असतो, अमेरिकेच्या नियमात तर किमान ३५ टक्के. आपल्याकडच्या स्वस्त इसेन्समध्ये बरेचदा प्रॉपिलिन ग्लायकॉल हा द्राव असतो. बाटली फिरवून वाचा. द्राक्ष-खजुराच्या दारूपासून न आलेला, किंचित उरलेला अल्कोहोल चालतो का, यावर उलेमांमध्येच मतभेद आहेत. तो निवाडा आपण करायचा नाही. आपण फक्त ‘यात हे आहे’ असं सांगायचं, निर्णय घेणारा घेईल. आणि मनुके संत्र्याच्या रसात भिजवा हो, नागपुरात राहून रम कशाला?

कधी कधी घोळ घटकात नसतो, प्रक्रियेत असतो. इंडोनेशियात २००१ च्या सुरुवातीला अजिनोमोटो कंपनीला आपला माल बाजारातून परत घ्यावा लागला. तयार मालात डुकराचा अंश नव्हता; जिवाणू वाढवण्याचं खाद्य बनवताना डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलं होतं. तिथल्या उलेमा परिषदेने माल हराम ठरवला. एवढी मोठी कंपनी, पण सप्लायरच्या सप्लायरपर्यंत प्रश्न पोचला. तुमच्याकडे हाच प्रश्न ब्रशचा आहे, ट्रेचा आहे. रम केकचं भांडं वेगळं आहे का?

सर्टिफिकेट लागतं का? स्थानिक विक्रीसाठी कायद्याने नाही. एफएसएसएआय नोंदणी मात्र सगळ्यांना हवीच. हलाल सर्टिफिकेट जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया अशा खासगी संस्था देतात आणि त्याला फी लागते. इंडोनेशियात माल पाठवायचा विचार असेल तर तिथे ऑक्टोबर २०२४ पासून खाद्यपदार्थांवर हलालची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. आणि यूपीत माल जाणार असेल तर सांभाळा. तिथल्या सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ ला हलाल सर्टिफिकेट असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यातीचा माल सोडून.

नेटवरून लोगो उचलून पाकिटावर छापू नका, कितीही मोह झाला तरी. खाद्यपदार्थाच्या फसव्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाखांपर्यंत दंड आहे. आणि दंड नंतरचा. मोमिनपुऱ्यात एकदा बातमी फिरली की तुमची नानखटाईही कुणी उचलणार नाही.

पहिल्या पायरीला मी सांगतो, सप्लायरचं पत्र पुरे. या आठवड्याचं काम हेच. केक जेल, इसेन्स, रंग, मार्जरीन, ब्रेड इम्प्रूव्हर, एवढ्यांचे फोटो काढा आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका: ‘यातील इमल्सिफायरचा स्रोत वनस्पती की प्राणी? द्राव कोणता? अल्कोहोल आहे का? हलाल सर्टिफिकेट असल्यास प्रत पाठवावी.’ उत्तर येईल त्याची प्रिंट काढून फाइलला लावा. ज्याचं उत्तर येत नाही तो ब्रँड बदला. मग दुकानात जाऊन सांगा, ‘भाई, सर्टिफिकेट नाही, पण काय-काय घातलंय ते सगळं या फाइलमध्ये आहे, बघून घ्या.’