मुलांच्या हाती शास्त्रपाठ
शब्बाथशाळेच्या शिक्षकांकरिता चार सोपी हस्तकामे

वाचावयाचे शास्त्रभाग : यहोशवा ४, मार्क २:१-१२, उत्पत्ती ६:१४-१६, लूक ४:१६-२१, मत्तय ५:१४-१६.



इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून गेले, तेव्हा बारा वंशांतील बारा पुरुषांनी नदीच्या पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर उचलून आणला, आणि यहोशवाने ते बारा धोंडे गिलगाल येथे उभे केले. ते कशासाठी? पुढे मुलांनी ते पाहून आपल्या बापांस त्यांचा अर्थ विचारावा, आणि बापांनी नदीचे पाणी कसे थांबले ते त्यांस सांगावे, यासाठी. येथील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, आणि त्यानंतर वडील माणसाचे सांगणे. आपण बहुधा याच्या उलट करतो. आधी आपण सांगतो, मग प्रश्नही आपणच विचारतो, आणि मुलाने पाठ केलेले उत्तर दिले म्हणजे धडा झाला असे समजतो. मुलाने उत्तर दिले खरे. पण त्याने स्वतः होऊन काही विचारले काय?

हस्तकामाचा खरा उपयोग हाच की, मुलाच्या हाती एक वस्तू यावी व तिच्यापासून त्याच्या मनात प्रश्न उत्पन्न व्हावा. यासाठी रंगीत कागद किंवा शहरातील महागडे साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी शिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंपासूनच त्यांनी मुलांची साधने केली. आपल्याही शब्बाथशाळेला माती, काड्या, दोरा व जुना कागद एवढे पुरे आहे.

एक शंका

काही मंडळ्यांत वडील माणसे विचारतात, “मुलांच्या हातून मातीच्या आकृती करवून घेणे हे दहा आज्ञांतील दुसऱ्या आज्ञेस धरून आहे काय?” ही शंका हसण्यावारी नेऊ नये. आपल्या गावांत पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते, हे आपली मुले पाहतात. शिवाय शास्त्रातही एक इशारा आहे. मोशेने अरण्यात देवाच्या सांगण्यावरून पितळी सर्प केला. परंतु पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). वस्तू तीच होती. लोकांचे मन फिरले.

म्हणून तीन नियम पाळावेत. पहिला, देवाची किंवा प्रभू येशूची आकृती मुलांकडून करवू नये; घर, तारू, दिवा, मेंढवाडा अशा वस्तू कराव्यात. दुसरा, केलेली वस्तू उपासनेच्या मेजावर मांडून ठेवू नये. तिसरा, मातीचे काम धडा संपल्यावर मुलांच्याच हातून मोडून माती पुन्हा मातीत मिळवावी. वस्तू गेली तरी गोष्ट राहते, हे मुलांस यावरून आपोआप समजते.

१. धाब्याचे घर (मार्क २:१-१२)

कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपल्याकडील धाब्याच्या घरांत राहणाऱ्या मुलास जितकी सहज कळेल, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास कळेल. त्या काळी त्या देशातील सामान्य घरांचे छप्पर सपाट असे. भिंतींवर लाकडी वासे, त्यांवर फांद्या व गवत, आणि वर मातीचा थर. धाब्यावर जाण्यास बाहेरून पायऱ्या असत. कोकणातील मुलांस मात्र उतरत्या छपराऐवजी असे सपाट छप्पर प्रथम दाखवावे लागेल.

शनिवारी चिखल मळून एक वीत लांब, एक वीत रुंद व चार बोटे उंच अशा भिंती मुलांनी कराव्यात आणि रात्रभर सुकू द्याव्यात. बाहेरच्या बाजूस जिना करावा. रविवारी भिंतींवर तुराट्यांच्या काड्या आडव्या घालाव्यात, त्यांवर गवत पसरावे व ओल्या मातीचा पातळ थर द्यावा. काड्यापेटीचा आतला खोका ही बाज समजावी. तिच्या चार कोपऱ्यांस चार दोरे बांधून एकेक दोरा एकेका मुलाच्या हाती द्यावा.

आता शास्त्रभाग वाचावा. छप्पर उकरण्याच्या ओळीवर शिक्षकाने थांबावे, आणि मुलांनी स्वतः केलेले छप्पर स्वतःच्या बोटांनी उकरावे. ते उकरावयास मुले कचरतात. आपण केलेले मोडणे कोणास आवडत नाही. तेथेच त्यांस कळते की, त्या चौघांनी केले ते लहान काम नव्हते. मग चौघांनी मिळून बाज खाली सोडावी. एकाने दोरा एकदम सैल केला तर बाज कलते व आतला मनुष्य पडतो. चौघांनी एकमेकांकडे पाहून सोडली तरच ती नीट उतरते. प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला असे मार्क का लिहितो, हे यावेळी विचारावे.

२. नोहाचे तारू (उत्पत्ती ६:१४-१६)

शास्त्रात तारवाची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात व उंची ३० हात सांगितली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप. दीड फुटाचा हात धरला तर लांबी सुमारे ४५० फूट भरते. मुलांस मोकळ्या शेतात न्यावे. दहा हातांची दोरी करून ती लांबीकडे तीस वेळा व रुंदीकडे पाच वेळा टाकावी आणि कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. एका टोकास उभा राहिलेला मुलगा दुसऱ्या टोकाच्या मुलास हाक मारील, तेव्हा त्या कामाचा विस्तार सर्वांस कळेल.

त्यानंतर दहा हातांस एक बोट या प्रमाणाने मातीचे किंवा जाड कागदाचे लहान तारू करावे : तीस बोटे लांब, पाच रुंद, तीन उंच. एकाच मुलाची बोटे मापाला धरावीत, नाहीतर प्रमाण चुकेल. आत तीन मजले व बाजूस एकच दार ठेवावे.

३. पुस्तकाची गुंडाळी (लूक ४:१६-२१)

नासरेथच्या सभास्थानात प्रभूच्या हाती यशयाचे पुस्तक दिले, ते आपल्यासारखे पानांचे नव्हते, तर गुंडाळीचे होते. जुन्या वहीचे कोरे कागद खळीने एकास एक जोडून लांब पट्टी करावी व दोन्ही टोकांस दोन काड्या चिकटवाव्यात. तिच्यावर मुलांनी त्या दिवसाचे वचन स्वतःच्या अक्षरात लिहावे. इब्री लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्यांची गुंडाळी उजवीकडून सुरू होई, हेही सांगावे.

१९४७ साली मृत समुद्राजवळील कुम्रान येथे मेंढरे राखणाऱ्यांस एका गुहेत जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची एक संपूर्ण गुंडाळी होती. ती चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली असून सुमारे २४ फूट लांब आहे, आणि प्रभूच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे ती लिहिली गेली असे विद्वान मानतात. एवढ्या लांब पुस्तकात नेमके वचन काढण्यास ते किती ओळखीचे असावे लागते, हे मुलांनी आपल्या लहान गुंडाळीवर शोधून पाहावे.

४. मापाखालील दिवा (मत्तय ५:१४-१६)

मुलांनी चिखलाची पणती करून सुकवावी. पेटविण्यासाठी मात्र भाजलेली पणती घ्यावी, कारण कच्च्या मातीत तेल मुरते. खोली अंधारी करून शिक्षकाने स्वतः दिवा लावावा व मुलींच्या ओढण्या दूर ठेवाव्यात. मग पणतीवर धान्याचे माप किंवा मडके पालथे घालावे. थोड्या वेळाने ते उचलले म्हणजे ज्योत विझलेली दिसेल. आतल्या हवेतील प्राणवायू कमी होऊन ती विझते. झाकलेला दिवा केवळ दिसत नाही असे नव्हे, तर तो जगतही नाही. हे शिक्षकाने आधी सांगू नये. मुलांस विचारू द्यावे.

शेवटी एक गोष्ट

एका कोरडवाहू गावातील शब्बाथशाळेत वरील पहिले हस्तकाम करविले होते. धडा संपल्यावर मागे बसणारा एक मुलगा, जो सहसा बोलत नसे, तो म्हणाला, “गुरुजी, ते छप्पर पुढे कोणी नीट केले?” त्याच्या घराच्या धाब्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकावी लागे, आणि तिच्या टोपल्या तो स्वतः वाहत असे. शिक्षक म्हणाले, “शास्त्रात ते लिहिलेले नाही. तू त्या चौघांत असतास तर काय केले असतेस?” मुलगा थोडा वेळ थांबून म्हणाला, “दुसऱ्या दिवशी माती घेऊन गेलो असतो.”

त्या वर्षी पावसापूर्वी मंडळीतील एका वृद्ध विधवेच्या धाब्यावर माती टाकावयास कोणी नव्हते. तो मुलगा आणखी तिघांस घेऊन तेथे गेला. त्यांस कोणी पाठविले नव्हते.

बंधूंनो व भगिनींनो, आपल्या मुलांनी केलेले मातीचे घर आठ दिवसांत मोडून जाईल, आणि मोडावेही. परंतु त्यातून निघालेला एक प्रश्न मुलाच्या मनात राहिला, तर तो त्याला कोणाच्या तरी दारी घेऊन जाईल. म्हणून मुलांचे काम वाकडे झाले तर ते आपण सरळ करीत बसू नये. त्यांच्या हातांस वेळ द्यावा, आणि त्यांच्या प्रश्नांस आपले कान द्यावे.

शिक्षकांनी स्वतःस विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातील किती मुलांनी आपण होऊन प्रश्न विचारला?
२. या धड्यातील कोणती वस्तू माझ्या गावातील मुलांच्या रोजच्या हाताखालची आहे?
३. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात नसेल, तर तसे सांगण्याचा मनमोकळेपणा माझ्या ठायी आहे काय?