‘उधारी नाही, खातं आहे!’ : गुणात्मक संशोधनाची तोंडओळख

इंजिनिअरिंगनंतर एम.बी.ए.ला गेलात की प्रोजेक्टच्या वेळी सीनिअरकडून एक ठराविक सल्ला मिळतो. “वीस प्रश्नांचा फॉर्म काढ, शंभर जणांकडून भरून घे, पाय चार्ट टाक, संपलं!” गुणात्मक संशोधन म्हणजे ज्याला स्टॅटिस्टिक्स जमत नाही त्याने मारलेल्या गप्पा, असाही एक समज आहे. मी मेकॅनिकलमधून या विषयाकडे आलो. शिकताना जे उपयोगी पडले, ते आपल्या मासिकातून थोडक्यात मांडतो.

संख्यात्मक संशोधन ‘किती?’ विचारते, गुणात्मक संशोधन ‘कसे?’ आणि ‘का?’ विचारते. गंमत म्हणजे यातला एक मोठा धडा कारखान्यातच मिळाला. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. उजेड वाढवला की उत्पादन किती वाढते, हे तिथे १९२४ पासून मोजू लागले. पण उजेड आणि उत्पादन यांचा सरळ संबंध काही लागेना. मग १९२८ पासून कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या. १९३० पर्यंत सुमारे २१ हजार झाल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले असत, आणि कामगार मात्र भलतेच काही सांगू पाहत. शेवटी १९२९ मध्ये ठरलेले प्रश्न बाजूला ठेवून कामगाराला त्याच्या विषयावर बोलू दिले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली, पण माणसाच्या मनात काय आहे ते कळू लागले.

आता आपल्याकडचे उदाहरण घ्या. मुंबईच्या डबेवाल्यांचे ‘सिक्स सिग्मा’ आपण प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकतो. चुका फार कमी होतात, एवढेच त्यातून समजते. त्या कमी का होतात, हे समजायला त्यांचे काम जवळून पाहावे लागते. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली आणि २०१२ मध्ये लेख. त्यातले बारकावे पाहा. डब्यावरच्या खुणेत गिऱ्हाईकाच्या घराचा पत्ताच नसतो, कारण रोज तोच माणूस डबा उचलतो आणि घर त्याला पाठ असते. लोकल मोठ्या स्टेशनवर ४० सेकंद आणि मधल्या स्टेशनवर २० सेकंद थांबते, त्यामुळे उशीर करणारा लगेच सगळ्यांच्या लक्षात येतो. प्रत्येक गटात काही माणसे जादा असतात. ‘तुम्ही वक्तशीर आहात का? होय / नाही’ असे विचारून यातले काय हाती लागले असते?

एवढ्या मोठ्या विषयाची गरज नाही. सराव कोपऱ्यावरच्या दुकानातही होतो. मी तो भिंगारमध्ये केला. नगर शहराला लागून, कॅन्टोन्मेंटच्या शेजारचे हे गाव. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी तिथल्या किराणा दुकानांत परवानगी घेऊन बसत असे. एका काकांना विचारले, “उधारी देता का?” ते म्हणाले, “नाही.” वर ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी होतीच. दहा मिनिटांनी एक मुलगा आला, साखर घेऊन पैसे न देता गेला, आणि काकांनी वहीत लिहिले.

“काका, ही उधारी नाही का?”

“छे! उधारी नाही, खातं आहे. उधारी मागत फिरावी लागते. खातं पगार झाला की मिटतं.”

फॉर्मवर त्यांनी ‘नाही’वरच खूण केली असती, आणि ते खोटेही ठरले नसते. त्यांच्या भाषेत उधारी आणि खाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म काढणाऱ्याच्या भाषेत एकच. असे शंभर फॉर्म भरून आपण ‘इथे उधारीचे व्यवहार होत नाहीत’ असे लिहिले असते, आणि पगारापर्यंत त्या वहीवर चालणारी घरे कागदावरून पुसली गेली असती. उद्या एखादी बँक असल्या अहवालावर योजना आखते, तेव्हा ही चूक कोणाला भोवते, ते सांगायला नको.

तर, करायचे काय?

१) बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘खातं’ला ‘क्रेडिट’ करू नका. टिपणे त्याच रात्री पूर्ण करा. सकाळपर्यंत निम्मे विसरायला होते.

२) ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. दोन्ही जुळत नाहीत, तिथेच खरा प्रश्न सापडतो.

३) टिपणांतल्या प्रत्येक मुद्द्याला छोटे नाव द्या : ‘ओळख’, ‘पगाराची तारीख’, ‘घरमालकाची हमी’. यालाच कोडिंग म्हणतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ‘ग्राउंडेड थिअरी’ मांडली. त्यांचे सांगणे असे की सिद्धान्त माहितीतून वर येऊ द्यावा, आधी ठरवून माहितीवर बसवू नये.

४) आपले म्हणणे खोडून काढणारा माणूस मुद्दाम शोधा. एखादा दुकानदार खातेही देत नसेल, तर त्याच्याकडे आधी जा.

५) वहीचा फोटो काढू नका. त्या वहीत दुसऱ्यांची देणी असतात. नावांऐवजी ‘दुकान १’, ‘दुकान २’ लिहा. रेकॉर्डिंग विचारूनच करा.

व्हायवात हमखास विचारतात, “सॅम्पल साइज किती?” नवीन मुलाखतीतून नवीन मुद्दा निघेनासा झाला की थांबायचे, हे त्याचे उत्तर. मात्र चार दुकानांवरून ‘महाराष्ट्रात इतके टक्के’ असे कधीही लिहू नका. टक्के हवे असतील तर आता फॉर्म काढा. निदान त्यात ‘खातं’ हा शब्द तरी येईल. दोन्ही पद्धती अशाच एकमेकींच्या उपयोगी पडतात.

हॉस्टेलवाल्यांसाठी गृहपाठ : मेसच्या फॉर्मवर ‘जेवण कसे आहे?’ याला सगळे ‘बरे’ लिहितात. एक आठवडा ताटे ठेवतात तिथे उभे राहा, कोणती भाजी उरते ते पाहा, आणि मग मेसच्या मावशींना विचारा. पोळ्या लाटता लाटता त्या जे सांगतील, ते आधी वहीत उतरवा. निष्कर्षाची घाई नको.