बेकारीचा मथळा आणि त्यामागील मोजमाप

देशाची आर्थिक स्थिती बरी की वाईट हे आपण सरकारी अहवाल वाचून ठरवीत नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून ठरवितो. म्हणून मथळ्यातील आकडा कसा तयार होतो, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

जानेवारी २०१९ मध्ये नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्धीपूर्वीच वर्तमानपत्रात फुटला. बेकारीचा दर ६.१ टक्के, पंचेचाळीस वर्षांतील उच्चांक, हे शब्द घरोघर पोहोचले. ३१ मे रोजी अहवाल अधिकृतपणे आला, तेव्हा पाहणीची पद्धत बदलल्याने जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. पण तोवर लोकांचे मत बनून गेले होते. पुढे वारे उलटे फिरले. १५ वर्षे व त्यावरील वयोगटाचा दर २०१७-१८ मधील ६.० वरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला आणि बेकारी निम्मी झाल्याचे मथळे झळकले.

आता काम कोणाला मिळाले म्हणायचे? समजा, बी.ए. झालेला मुलगा नोकरी मिळेना म्हणून वडिलांच्या वडापावच्या गाडीवर विनावेतन बसतो. सर्वेक्षणाच्या हिशेबी तो रोजगारात आहे! अशा बिनपगारी कौटुंबिक मदतनिसांचे काम करणाऱ्यांतील प्रमाण याच काळात १३.६ वरून १९.४ टक्के झाले, तर नियमित पगारदारांचे २२.८ वरून २१.७ वर उतरले. दर घटला हे खरे. पण पगाराची नोकरी वाढली, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मोजण्याचा कालावधीही महत्त्वाचा. वार्षिक आकडा मागील वर्षभराचा विचार करतो. २०२५ पासून निघू लागलेला मासिक आकडा मागील आठवड्यापुरता असतो. त्या आठवड्यात एक तास काम केले तरी माणूस बेकार ठरत नाही. एप्रिल २०२५ चा हा मासिक दर ५.१ टक्के होता. तो जुन्या ३.२ च्या शेजारी ठेवून बेकारी भडकली म्हणणे म्हणजे किलो आणि लिटर यांची बेरीज करणे होय.

आमच्या मते सर्वात मोठे नुकसान घरात होते. बेकारी घटल्याचे वाचून बाप म्हणतो, "कामे आहेत, तूच आळशी." त्या बापाला दुसरा आकडा कोणी दाखवीत नाही. २०२२-२३ मध्ये एकूण दर ३.२ टक्के असताना पदवीधरांचा दर १३.४ टक्के होता. गरीब, अशिक्षित माणसाला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो आणि एकूण दर खाली राहतो. शिकलेला मुलगा शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो, तो बेकारांत मोजला जातो. अहवालात शिक्षणानुसार वेगळा तक्ता असतो; विद्यार्थ्यांनी आधी तोच उघडावा.