नाबोथाचा द्राक्षमळा आणि हवाई बेटे
(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय २१)

नाबोथाने अहाब राजास आपला द्राक्षमळा दिला नाही, तो किंमत थोडी होती म्हणून नव्हे. तो मळा पूर्वजांचे वतन होता. आणि वतन म्हणजे काय, हे खेड्यांतील आमच्या बंधुभगिनींस सांगावयास नको. परंतु हा पाठ शिकविताना उपदेशकांनी एक गोष्ट विशेष लक्षात आणून द्यावी. ईजबेलीने मळा दरोडा घालून घेतला नाही. तिने पत्रे लिहिली, राजाची मुद्रा केली, उपास नेमविला, साक्षीदार उभे करविले. सर्व काही रीतसर दिसले.

हवाई बेटांची राणी लिलिउओकलानी हिने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अमेरिकन लोकांस याच मळ्याची आठवण दिली. तिचे बाळपण मिशनऱ्यांच्या शाळेत गेले होते. ते मिशनरी आम्हांस अगदीच परके नव्हेत. ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाची माणसे १८२० साली हवाईस पोहोचली. त्यांनी तेथील भाषा लिहिण्यास लिपी दिली, शास्त्राचे भाषांतर केले. मात्र पुढील पिढ्यांतील कित्येक जमीन व सत्ता यांच्या मागे लागले. ऊस पिकविणाऱ्या मळेवाल्यांस अमेरिकेची बाजारपेठ हवी होती. १७ जानेवारी १८९३ रोजी राणीस पदच्युत करण्यात आले; अमेरिकेच्या लढाऊ जहाजावरील शिपाई आदल्याच दिवशी शहरात उतरले होते. रक्तपात टळावा म्हणून राणीने निषेध नोंदवून अधिकार सोडला. नवे सरकार ज्याच्या हाती गेले तो सॅनफर्ड डोल मिशनऱ्याचा पुत्र, व कटाचा पुढारी लॉरिन थर्स्टन मिशनऱ्याचा नातू.

अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करवून हा अन्याय असल्याचे स्पष्ट सांगितले, हे त्यांस भूषणावह होय. तथापि राणीस गादी परत मिळाली नाही. १८९७ साली बेटे अमेरिकेस जोडण्याचा तह निघाला, तेव्हा २१,००० हून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. मूळ रहिवासी त्या वेळी ४०,००० च्या आसपास होते. तहास सेनेटात दोनतृतीयांश मते लागत, ती मिळेनात. इतक्यात १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपले आणि फिलिपाईन्सच्या वाटेवर हवाईचे बंदर मोलाचे वाटू लागले. मग तह बाजूस ठेवून, साध्या बहुमताने होणारा ठराव पुढे आणला. ७ जुलै रोजी अध्यक्ष मॅकिन्ली यांची त्यावर सही झाली. राजघराण्याची व सरकारी मिळून सुमारे १८ लक्ष एकर जमीन मोबदल्यावाचून गेली. ईजबेलीची मुद्रा ती हीच.

वर्गात कोणी विचारील, मिशनऱ्यांच्याच वंशजांनी असे केले, तर मग उपदेश खोटा होता काय? हा प्रश्न टाळू नये. नाबोथाच्या गावचे वडीलजन परमेश्वराच्याच प्रजेतील होते, तरी पत्र येताच त्यांनी आज्ञा पाळली. आणि राणीस नाबोथाचे नाव ज्या शास्त्रातून मिळाले, ते मिशनऱ्यांनीच तेथे नेले होते.

पुढे जानेवारी १९९३ मध्ये त्या बोर्डाची वारस मंडळी, युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट, हिने हवाईच्या मूळ लोकांची जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी अमेरिकेच्या कायदेमंडळाचा क्षमायाचनेचा ठराव अध्यक्षांच्या सहीने पक्का झाला. त्या ठरावात एक कलम असेही आहे की, यावरून अमेरिकेवरील कोणत्याही दाव्याचा निकाल लागला असे समजू नये.